‘ऑटो टेन्शनर काढून टाका’ हा सल्ला कुठे कुठे चुकतो

छोट्या एटीव्हींबद्दल (कच्च्या रस्त्यावर चालवायच्या जाड चाकांच्या गाड्या) एक सल्ला सगळीकडे फिरतोय. इंजिन खडखडतंय म्हणजे टायमिंग चेनचा (क्रँकवरून कॅम फिरवणारी इंजिनातली चेन) ऑटो टेन्शनर, म्हणजे ती आपोआप ताणून धरणारा भाग, गेला. कंपनीचे ऑटो टेन्शनर मुळातच कुचकामी असतात. तो काढा, बोल्टने हाताने ताणायचा मॅन्युअल लावा, आवाज बंद होईपर्यंत बोल्ट आवळा. अर्ध्या तासाचं काम, पुन्हा कधी बघायला नको. जमलं तर मागच्या चाकाच्या चेनलाही स्प्रिंगचा टेन्शनर लावून टाका.

मॅन्युअल टेन्शनरशी माझं वैर नाही. पण काय झिजलंय हे न बघता तो बसवला की चांगली इंजिनंही खराब होतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सर्वात आधी, हा सल्ला सगळ्या छोट्या एटीव्हींना सरसकट दिला जातो, आणि इथेच तो फसतो. टू-स्ट्रोक इंजिनात टायमिंग चेनच नसते. होंडा सीजी१२५ च्या धर्तीवर बनलेल्या इंजिनांतही नसते, तिथे कॅम गिअरवर फिरतो आणि वॉल्व्ह पुशरॉडने उघडतात. आडव्या सिलिंडरच्या ११० सीसी इंजिनात चेन असते, पण तिथे इंजिनाच्या तळाकडून एक स्प्रिंगवाला दांडा वर दाबतो आणि तो रोलरच्या आर्ममार्फत चेन ताणतो. सिलिंडरला दोन बोल्टने बसणारा टेन्शनर, ज्याच्या जागी मॅन्युअल येतो, तो जीवाय६ (स्कूटर आणि छोट्या एटीव्हींत सर्रास दिसणारं इंजिन) सारख्या इंजिनांवर दिसतो. म्हणजे पार्ट मागवण्याआधी इंजिन कोणतं आहे ते बघा.

‘खडखड म्हणजे टेन्शनर.’ हे निदान नव्हे, अंदाज आहे. टॅपेटचा गॅप (वॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट) वाढला तरी वरून टिकटिक येते. सायलेन्सरचं पत्र्याचं कव्हर सैल झालं तर तो आवाज थेट इंजिनातून आल्यासारखा वाटतो. चेनचा आवाज वेगळा असतो: सिलिंडरच्या ज्या बाजूने चेन जाते तिथून येतो, एकसारखा ठोका नसून घासल्या-आपटल्यासारखा असतो आणि थ्रॉटल सोडताना जास्त ऐकू येतो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक सिलिंडरवर आणि मूठ कानाच्या हाडाला लावून दोन्ही बाजू ऐकल्या तर बराच उलगडा होतो. फक्त फिरत्या भागांपासून आणि गरम सायलेन्सरपासून हात लांब ठेवा. इंजिन पूर्ण थंड असताना टॅपेटचा गॅप आधी तपासा. त्याला पार्ट लागत नाही, आणि कित्येकदा गोष्ट तिथेच संपते.

आवाज चेनचाच निघाला तरी दोष टेन्शनरचाच असेल असं नाही. चेन ‘ताणली जाते’ म्हणतात, पण पोलाद ताणलं जात नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि बुश झिजतात आणि सगळ्या कड्यांची ती झीज मिळून चेन लांब होते. टेन्शनर चेनच्या सैल बाजूला बसून ही वाढलेली लांबी गोळा करतो, पण ओढीच्या बाजूची लांबी तशीच राहते, त्यामुळे कॅम क्रँकच्या थोडा मागे पडतो. टेन्शनर कितीही भारी घातला तरी हे टायमिंग जागेवर येत नाही. म्हणून जुना टेन्शनर बाहेर काढाल तेव्हा प्लंजर (टेन्शनरमधून बाहेर येऊन चेन दाबणारा दांडा) किती बाहेर आलाय ते बघा. तो शेवटच्या खाचेपर्यंत आला असेल तर त्याने आपलं काम केलंय, बदलायची आहे ती चेन, आणि सोबत चेन ज्यांवरून घसरते त्या गाइडच्या पट्ट्या.

‘ऑटो मुळातच कुचकामी.’ हातात घेऊन तपासा. रॅचेटवाला (खाचांवर अडकून मागे न सरकणारा) असेल तर प्लंजर अंगठ्याने जोरात दाबा: खटका न सोडता तो आत जायला नको. खटका दाबून आत ढकला आणि सोडा, तो अडखळत न येता बाहेर यायला हवा. जीवाय६ सारख्यात मधला छोटा बोल्ट काढून बारीक स्क्रूड्रायव्हरने आतला स्क्रू घड्याळाच्या दिशेने फिरवला की प्लंजर आत जातो आणि सोडला की बाहेर येतो. प्लंजर दाबाखाली मागे सरकत असेल, अडकत असेल किंवा स्प्रिंग मेली असेल तर टेन्शनर खराब. मग त्याच मापाचा नवा ऑटो टेन्शनर बसवणं बहुतेकांसाठी पुरेसं आहे.

खराब ठरवलेले कित्येक ऑटो टेन्शनर चुकीच्या बसवण्याने बदनाम झालेत. प्लंजर बाहेर असतानाच बोल्ट आवळले की चेन वाजवीपेक्षा जास्त ताणली जाते. हीच चूक नकळतही होते. तेल झिरपतंय म्हणून कोणी दोन बोल्ट थोडे सैल करून परत आवळतं, आणि तेवढ्यात प्लंजर एक-दोन खाचा पुढे आलेला असतो. बोल्ट सैल केले की टेन्शनर पूर्ण काढायचा, प्लंजर आत घालायचा आणि मगच बसवायचा.

आता सगळ्यात घातक वाक्य: ‘आवाज बंद होईपर्यंत आवळा.’ ऑटो टेन्शनरला स्प्रिंगच्या जोराची मर्यादा असते. पान्याने फिरवलेल्या बोल्टला ती नसते. शिवाय ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. क्रँक ते कॅम अंतर २०० मिमी आणि तापमानात ८० अंशांची वाढ धरली, तर ॲल्युमिनियमचं सिलिंडर-हेड सुमारे ०.३७ मिमी वाढतं आणि तेवढ्याच लांबीची पोलादी चेन सुमारे ०.१९ मिमी. म्हणजे थंड इंजिनावर बरोबर वाटणारी चेन गरम झाल्यावर आणखी घट्ट होते. थंड असताना ठासून आवळलेली चेन गरम इंजिनात गाइड कापते, कॅमच्या बेअरिंगवर भार टाकते, आणि गाइडचा चुरा तेलाच्या जाळीत जाऊन बसतो. हे सगळं आवाज न करता घडतं. शांत इंजिन ऐकून मालक खूश असतो, म्हणूनच मला हा सल्ला इतका खटकतो.

मॅन्युअल लावायचाच असेल तर बोल्ट बोटांनी लागेपर्यंतच फिरवा, थोडा मागे घ्या, क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवून कुठे जड लागतं का ते बघा आणि लॉकनट आवळताना बोल्ट फिरू देऊ नका. ८ एमएमच्या बोल्टचा नेहमीचा आटा १.२५ मिमीचा असतो, म्हणजे पाव फेऱ्यातच तो ०.३ मिमी सरकतो. गरम झाल्यावर किंचित आवाज राहिला तरी चालेल.

‘अर्ध्या तासाचं काम.’ वेळेबद्दल वाद नाही. पण पिस्टन कॉम्प्रेशन स्ट्रोकच्या वरच्या टोकाला आणल्याशिवाय टेन्शनर काढू नका. त्या जागी दोन्ही वॉल्व्ह बंद असतात, म्हणून वॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला ढकलत नाहीत. इतर जागी टेन्शनर निघताच कॅम स्वतःहून फिरून चेन दात सोडू शकते, आणि मग किक मारल्यावर वॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात. टेन्शनर बाहेर असताना क्रँकला हात लावायचा नाही. नवं गॅस्केट घाला.

‘पुन्हा बघायला नको’ हे तर उलटं आहे. मॅन्युअल म्हणजे झीज गोळा करायचं काम आता तुमचं. टॅपेट तपासाल तेव्हा दर वेळी हेही तपासावं लागेल. ज्यांची इंजिनं सतत चढ्या आरपीएमवर चालतात, ज्यांचा ऑटो टेन्शनर बॅकफायरच्या झटक्याने मागे सरकतो आणि ज्यांना नियमित तपासणी जमते, त्यांच्यासाठी तो रास्त पर्याय आहे.

राहिली मागची चेन. स्विंगआर्म असलेल्या गाडीत पुढचं स्प्रॉकेट, पिव्हट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की चेन सर्वात घट्ट होते, म्हणून तिला गाडीच्या माहितीपुस्तिकेत सांगितलेला झोळ लागतोच. स्प्रिंगचा रोलर चेनच्या खालच्या पट्ट्यावर दाबतो, आणि पुढे जाताना खालचा पट्टा सैल असतो, तोवर ठीक. रिव्हर्स टाकला किंवा उतारावर इंजिनाने ब्रेक लागला की ओढ खालच्या पट्ट्यावर येते, रोलर मागे ढकलला जातो आणि सगळा झोळ वर जमतो. झिजलेली चेन अशा वेळी स्प्रॉकेटवरून उडी मारते. रोलर चेन वाहती ठेवायला लावा, पण झोळ ॲक्सलच्या ॲडजस्टरनेच काढा आणि चेन मोजत राहा: ४२० किंवा ४२८ ची नवी चेन २० कड्यांना २५४ मिमी भरते, ५२० ची ३१७.५ मिमी.