स्टॅम्पपेपरवर काडीमोड होत नाही, आत्या

रविवारी सकाळी आत्याचा फोन. "अगं, कोर्टाची गरजच नाही म्हणे. तुझ्या मामांच्या ग्रुपवर आलंय." तो मेसेज मलाही तीनदा येऊन गेला होता: 'दोघं राजी असतील तर शंभराच्या स्टॅम्पवर लिहा, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का, लग्न संपलं. वकिलांची घरं भरू नका.' एरवी पुसून टाकला असता. पण आत्याची लेक दीड वर्ष कोल्हापुरात गंगावेशीत माहेरी बसलीय आणि तिच्या सासरचे असाच कागद टाइप करून आणायच्या बेतात आहेत.

शंभराचा स्टॅम्प? ऑक्टोबर 2024 पासून राज्यात करारनाम्याला किमान पाचशेचा लागतो. मेसेज किती शिळा आहे ते एवढ्यावरूनच कळावं.

बरं, पाचशेचा घ्या. नोटरी फार तर सांगतो की सही याच माणसाने माझ्यासमोर केली. लग्न मोडायचा अधिकार त्याला कुणी दिला? हिंदू विवाह कायद्यात 1976 साली कलम 13-ब आलं, त्यात सगळं लिहिलंय. वर्षभर वेगळे राहिलेले नवरा-बायको मिळून अर्ज करतात. कोल्हापुरात त्यासाठी कौटुंबिक न्यायालय आहे. सहा महिन्यांनंतर, पण अठरा महिन्यांच्या आत, दोघं पुन्हा उभे राहतात. संमती खरी आहे, कुणी दमदाटी केलेली नाही, याची खात्री झाली की न्यायाधीश घटस्फोटाचा हुकूमनामा देतात. तो हातात नसेल तर लग्न जागच्या जागी. कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर ते रद्दबातल, शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली सात वर्षांपर्यंत कैद.

माझं डोकं फिरलं ते पुढच्याच ओळीने. मेसेजमधल्या नमुन्यात लिहिलंय, 'आम्ही परस्पर संमतीने विभक्त राहत आहोत.' दिसायला किती साधं! पण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 म्हणतं की नवरा-बायको परस्पर संमतीने वेगळे राहत असतील तर बायकोला त्या कलमाखाली पोटगी नाही. म्हणजे कागदाने घटस्फोट तर मिळत नाहीच, वर उद्या पोटगी मागायला गेली की नवऱ्याचा वकील तोच कागद तिच्या तोंडावर धरणार. सही घ्यायची सासरच्यांना एवढी घाई का, ते आत्याला आता कळलं.

असे आणखीही समज फिरत असतात. 'वर्षभर वेगळं राहिलं की लग्न आपोआप सुटतं.' नाही. दहा वर्षं राहा, सुटत नाही.

'सहा महिने थांबायची अट गेली.' हे अर्धं खरं, मान्य करते. 2017 च्या अमरदीप सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ही मुदत न्यायालय माफ करू शकतं. पण त्यासाठी पोटगी, मुलांचा ताबा वगैरे आधी मिटलेलं हवं, समेटाची आशा संपलेली हवी. माफी न्यायाधीश देतात, व्हॉट्सअॅप नव्हे.

'आमच्यात पंचांसमोर काडीमोड चालते.' काही समाजांत पूर्वापार रूढी आहे, हिंदू विवाह कायद्याच्या कलम 29 ने ती राखलीही आहे. फक्त ती सिद्ध करावी लागते, आणि कुठे? कोर्टातच! आमच्या घराण्यात असली रूढी आजीनेसुद्धा ऐकली नव्हती.

'एकदा सही केली की माघार नाही.' हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते, हे 1991 पासून ठरलेलं आहे.

आणि वकिलांची घरं. फी द्यावी लागते, खोटं कशाला बोलू. पण घटस्फोटाच्या दाव्यात महाराष्ट्रात बाईला कोर्ट फी माफ आहे, हे मेसेज लिहिणाऱ्याला बरं आठवलं नाही.

आत्याला सांगितलंय, सासरचे आले तर चहा पाजा, कागद ठेवून घ्या, सही करू नका. लग्नपत्रिका, फोटो, आधार कार्ड काढून ठेवा. मंगळवारी मी येते.