४५ अंशांतली ओली दाढ

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो. दोरीवर दुसरा टॉवेल टाकेपर्यंत पहिला वाळलेला असतो. असल्या मुलखात एकच वस्तू काही केल्या वाळत नाही, ती म्हणजे सहा-सात वर्षांच्या पोराची मागची दाढ. आणि सिलंट, म्हणजे कीड लागू नये म्हणून दाढेच्या खाचा बुजवणारा पातळ थर, लावायला आम्हा दातांच्या डॉक्टरांना नेमकी तीच कोरडी हवी असते. तीही फार वेळ नाही, जेमतेम मिनिट-दीड मिनिट.

ही दाढ येते गुपचूप. साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या दाढांच्या मागच्या मोकळ्या जागेत, एकही दात न पाडता. दात पडला असता तर गल्लीभर बातमी झाली असती. इथे घरात कुणाला पत्ताच नसतो. "दुधना दात शेत डॉक्टर, पडी जातीन," असा निकाल आजी खुर्चीशेजारी उभ्या राहून देतात, आणि आजींच्या निकालावर खान्देशात अपील चालत नाही. आजी, ही पडली तर पुन्हा येणार नाही. अशा चार आहेत, चार कोपऱ्यांत चार. मग आजी नातवालाच विचारतात, "दुखस का रे?" तो मान हलवतो, नाही. "मंग कसाले?"

कशाला ते दाढेच्या माथ्यावर दिसतं. तिथे खाचा असतात. काही उथळ, त्यांची काळजी नाही. काही मात्र चंबूसारख्या, तोंड अरुंद आणि पोट मोठं. ब्रशचा केस त्या तोंडातून आत शिरत नाही, केळीच्या वेफर्सचा लगदा मात्र बिनबोभाट शिरतो. घरोघरी आरोपी म्हणून चॉकलेटच उभं केलं जातं. वेफर्सकडे कोणी बोट दाखवत नाही, कारण केळी पडली आपलीच. पण खाचेत चिकटून बसायच्या कामात वेफर्स आणि क्रीमची बिस्किटं चॉकलेटच्या पुढे आहेत. त्यावर जंतू जगतात, ॲसिड सोडतात आणि दाढ वरून शाबूत दिसत असताना आतून पोखरली जाते. मुलांच्या पक्क्या दातांतली दहापैकी नऊ कीड मागच्याच दातांत असते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या हिशेबाने सिलंटमुळे या दातांतली ८० टक्के कीड दोन वर्षं टळते, आणि चार वर्षांपर्यंत निम्मी.

काम दिसायला पोरखेळ. सुई नाही, ड्रिल नाही. आधी फिरत्या ब्रशने आणि प्युमिस नावाच्या दगडाची भुकटी कालवलेल्या पाण्याने खाचा घासायच्या. मग गालाच्या बाजूला कापसाचे रोल, जिभेच्या बाजूला रोल, आणि लाळ ओढायला सक्शनची नळी. मग दाढेवर ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिडची निळी जेल, १५ ते ३० सेकंद. ही युक्ती अमेरिकन दंतवैद्य मायकेल बुओनोकोर यांची, १९५५ सालची. पत्र्यावर रंग नीट धरावा म्हणून कारखान्यात फॉस्फोरिक ॲसिड लावतात, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तेच दातावर करून पाहिलं, तेही ८५ टक्क्यांचं. आजींपुढे 'ॲसिड' हा शब्द मात्र काढू नये. 'निळं औषध' म्हणावं.

जेल धुतली की दाढ कोरडी करायची. ती खडूसारखी पांढरीफटक दिसली पाहिजे. चकाकली तर ॲसिडने काम केलेलं नाही. या पांढरेपणात सूक्ष्म छिद्रं असतात, सिलंट त्यांत मुरून पकड घेतो. आणि नाट्य सुरू होतं ते इथेच. तोवर मुकाट पडलेली जीभ आता चौकशीला निघते. निळं औषध कुठे गेलं, कापूस कसा लागतो, हे सगळं तिला आत्ताच बघायचं असतं. तिचं टोक दाढेला लागलं की क्षणात लाळेतली प्रथिनं छिद्रांवर बसतात. फुंकर मारून भागत नाही. पुन्हा ॲसिड, पुन्हा धुणं, पुन्हा वाळवणं. जीभ शांत असेल तर आजी असतात. "थुंकी टाक बेटा!" म्हणतात, आणि नातू आज्ञाधारक निघतो.

दोन्ही शांत असतील तर वीज जाते. सिलंट घट्ट करणाऱ्या निळ्या लाईटला बॅटरी असते, पण दाढ वाळवायला हवा देणारा काँप्रेसर साध्या इन्व्हर्टरला झेपत नाही, मग टाकीत उरलेल्या हवेवर भागवायचं. त्या हवेचाही भरवसा नको. ती आधी आरशावर मारून पाहावी. आरशावर ओल किंवा तेलाचा डाग उमटला तर पाईपातच घोळ आहे, आणि असा सिलंट महिन्याभरात निघून येतो. दोष मात्र आम्ही वेफर्सना देतो. एवढ्या एका गुन्ह्यात ते निर्दोष.

लावताना थेंब थोडाच घ्यावा. प्रोबच्या, म्हणजे दात तपासायच्या टोकदार सळईच्या, टोकाने खाचेतून हळू ओढत न्यावा, म्हणजे बुडबुडे राहत नाहीत. खुर्चीचा दिवा बाजूला फिरवावा, नाहीतर सिलंट मुरायच्या आतच घट्ट व्हायला लागतो. मग २० सेकंद निळा लाईट, शक्य तितका जवळून. वरचा चिकट थर कडू असतो, तो ओल्या कापसाने पुसून काढायचा, नाहीतर पोरगं पुढच्या वेळी दारातूनच परत. शेवटी प्रोबने उचकटून पाहायचं. माझ्या मते हीच पायरी सर्वांत जास्त टाळली जाते. निघायचंच असेल तर ते खुर्चीवर निघालेलं बरं. चावताना सिलंट उंच लागतोय का, तेही निळ्या कागदावर चावायला लावून बघायचं.

दाढ अर्धीच वर आली असेल आणि कोरडेपणाची आशाच नसेल, तर सिलंटऐवजी ग्लास आयोनोमर, हा दातांच्या सिमेंटचा एक प्रकार. बोटाला व्हॅसलीन लावून दाबून भरतात. टिकतो कमी, पण थोडी ओल चालवून घेतो आणि फ्लोराईड सोडत राहतो.

"आता ब्रश नको ना?" हा प्रश्न हमखास येतो. हवा, रोज दोनदा. दोन दातांच्या फटीत सिलंट जात नाही. आणि दर सहा महिन्यांनी दाखवायचं, टवका उडाला असेल तर तेवढाच भरता येतो.

बाराव्या वर्षी दुसऱ्या चार दाढा येतात, आणि सगळं पहिल्यापासून. आता जीभ शहाणी असते, पण दाढेच्या मागच्या भागावर हिरडीची झालर असते, ती सरेपर्यंत थांबावं लागतं. "महिन्याने या" म्हणावं तर महिन्याने परीक्षा. परीक्षेनंतर मामाच्या पोरीचं लग्न. लग्नानंतर आखाजी, आणि आखाजीला आई माहेरी. दाढ या सगळ्यासाठी थांबत नाही, ती वर येतच राहते, आणि केळीच्या वेफर्सचं पुडकं तर प्रवासाला सोबत असतंच.