वायसर आणि वाळवण

आमच्या घराभोवती सपाट म्हणावी अशी जागा एकच: तुळशीपुढचं अंगण. बाकी सगळा उतार. गोव्यात फोंड्याजवळ, कवळ्याच्या बाजूला डोंगराच्या अंगाशी घर असं टेकलंय की परसात पडलेला फणस पुढच्या वाटेवर जाऊन उचलावा लागतो. एरवी त्या अंगणात तुळशीला पाणी घालण्यापुरतं कोणी जातं. मे महिना लागला की मात्र त्याचे दोन मालक होतात, आई आणि मी.

आईचा हक्क जुना. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्या चार महिन्यांची बेगमी म्हणजे पुरुमेंत. शब्द पोर्तुगिजांनी दिला, काळजी आमची आधीपासूनचीच. मिरच्या, चिंचेचे गोळे, फणसाचे पापड, आणि सगळ्यांत मानाची सोलं, म्हणजे आमसुलं. कोकमाच्या फळांना, रातांब्यांना, आम्ही भिंडां म्हणतो. ती फोडायची, साली मिठाच्या रसात बुडवायच्या, उन्हात घालायच्या, सुकल्या की पुन्हा बुडवायच्या, पुन्हा घालायच्या. हे किती दिवस करायचं याचं पुस्तक नाही. आई एक सोल दोन बोटांत धरून वाकवते आणि म्हणते, ‘अजून एक ऊन.’

माझा हक्क छापील आहे. गाडीच्या पुस्तिकेत जवळजवळ प्रत्येक कामाची सुरुवात एकाच आज्ञेने होते: गाडी सपाट जागी मुख्य स्टँडवर उभी करा. तेल तपासायचंय? सपाट जागी. चेन बघायचीय? सपाट जागी. हे लिहिणारा गृहस्थ फोंडा तालुक्यात कधी राहिला नसावा.

गाडी २००९ सालची, हीरो होंडा स्प्लेंडर. त्या दोन कंपन्यांची काडीमोड २०१० च्या डिसेंबरात ठरली, पण माझ्या टाकीवर दोघं अजून गुण्यागोविंदाने नांदताहेत. पंधरा वर्षं भरल्यावर मी तिचं पुन्हा पासिंग करून घेतलं आणि आता २०२९ पर्यंत तिला सरकारी अभय आहे. मला असं लेखी कोणी दिलेलं नाही.

रोज फोंड्याहून पणजीला कामाला जातो. फर्मागुडी, म्हार्दोळ, भोम, बाणस्तारी, जुने गोवे, मग रायबंदरचा तो सतराव्या शतकातला बांध. जायचे तीस किलोमीटर, यायचे तीस. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर दीड हजार. इंजिनाचं तेल मी तीन हजारांना बदलतो, म्हणजे दर दोन महिन्यांनी वारी आलीच. आमचा मेकॅनिक हाताचा सोन्यासारखा आहे, पण मे महिन्यात अख्ख्या तालुक्याला पावसाआधी गाडी दाखवायची असते आणि त्याचं उत्तर ठरलेलं असतं: ‘फाल्यां हाड.’ मराठी कानाला हे कुत्र्याला हाकलल्यासारखं वाटेल, पण कोंकणीत हाड म्हणजे आण. उद्या आण. मी चार दिवस उद्या नेली. पाचव्या दिवशी ठरवलं, तेल घरीच बदलायचं. एक बोल्ट काढायचा, तेल सांडू द्यायचं, बोल्ट लावायचा, नवं तेल ओतायचं. यात मेकॅनिक कशाला?

ही २०२५ च्या मेमधल्या तिसऱ्या रविवारची गोष्ट.

सकाळी सातला आईने अंगणात खराट्याने रेघ ओढली. तुळशीकडची दोन तृतीयांश जागा सोलांची, उरलेली माझी. आमच्या घरात भांडण कोंकणीत होतं आणि आरती मराठीत, त्यामुळे हद्दीचे नियम मला कोंकणीत समजावण्यात आले. सोलांवर तेलाचा थेंब उडाला तर जेवण नाही. तेलकट हात सोलांना लागला तर तेच. आणि घरातलं एकही भांडं तेलाखाली धरायचं नाही. मी न्हाणीघराच्या मागे पडलेला एक पोचे आलेला अ‍ॅल्युमिनियमचा तोप शोधून आणला. तो टाकाऊ दिसत होता, एवढंच आत्ता सांगतो.

इंजिन तीन-चार मिनिटं चालू ठेवलं. कोमट तेल पातळ होतं आणि गाळ घेऊन उतरतं. गार तेल काकवीसारखं आतच रेंगाळतं. तेलाचं झाकण, ज्याला खाली पट्टी असते, तेही फिरवून काढून ठेवलं, म्हणजे वरून हवा शिरते आणि खालून धार नीट लागते. इथवर मी पुस्तिकेतल्या चित्रातल्या माणसासारखा दिसत होतो.

तेवढ्यात पोंक पोंक करत पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, आला. पाव देता देता त्याने गाडीकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाला, ‘बाब, चेन सैल आहे.’ स्प्लेंडरची चेन पत्र्याच्या डब्यात पूर्ण झाकलेली असते. बघायची तर रबरी बूच काढून भोकातून बघायची. मी विचारलं, दिसली कशी? म्हणाला, रोज संध्याकाळी तुम्ही वळणावर येता तेव्हा ऐकू येते. मी बूच काढून स्क्रूड्रायव्हरने चेन वरखाली करून पाहिली. दोन-तीन सेंटिमीटर हलायला हवी. ही चार हलत होती. रायबंदरच्या बांधावर खळ्ळ खळ्ळ वाजायचं ते मी इतके दिवस रस्त्याच्या नावावर खपवत होतो.

पोदेर गेला आणि शेजारचे काका आले. काकांना जळकं तेल हवं होतं, कुंपणाच्या खांबांना लावायला, वाळवी लागत नाही म्हणून. ते फुकट तेलाच्या बदल्यात सल्ला देतात. आधी म्हणाले, तेच जळकं तेल चेनला घाल. मी म्हटलं, त्यात धातूचा कीस असतो, चेन घासून जाईल. नव्वद नंबरचं तेल घालतात. मग म्हणाले, नवं विकत कशाला घेतलंस, माझ्या कारचं अर्धा डबा उरलंय, जास्त महागाचं आहे. आता मोटरसायकलचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो. कारच्या तेलात घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, ती क्लचच्या चकत्यांना लागली की चकत्या एकमेकींना धरेनात, नुसत्या सरकतात. फर्मागुडीच्या चढावर इंजिन बोंब मारतं आणि गाडी जागची हलत नाही. मी हे सगळं सांगितलं. काका म्हणाले, ‘तरी पण महागाचं आहे.’

मग बोल्ट. इंजिनाच्या पोटाखाली, सतराचा पाना. त्याचं डोकं जमिनीकडे, म्हणून वरून वाकून पाना फिरवला तर डावं उजवं बदलतं, हे माहीत असूनही मी पहिली पाच मिनिटं तो जीव खाऊन आवळत होतो. हे धोक्याचं. खालचा भाग अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि त्यातले आटे गेले की मेकॅनिककडे ‘उद्या’ सुद्धा मिळत नाही. काकांनी सांगितलं तेव्हा दिशा कळली. हाताने सुटेना, म्हणून पान्यावर टाच मारली.

सुटला. सुटला म्हणजे काय, एकदम सुटला. बोल्ट तोपात पडला, काळं गरम तेल माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत गेलं, मी हात झटकला, आणि बोल्टाला चिकटलेला वायसर टिंग करून अंगणात उडाला.

वायसर म्हणजे चपटी चकती, मध्ये भोक. बोल्ट आवळला की ती दबते आणि तेल गळू देत नाही. आमच्या मेकॅनिकने कधीतरी तांब्याचा घातला होता. वर्षानुवर्षं तेलात राहून तांबं काळपट लाल होतं. आणि रेघेपलीकडे, वडिलांच्या जुन्या धोतरावर, काळपट लाल रंगाची, वळलेली, वायसराएवढीच हजारभर सोलं पसरलेली होती.

‘सोलांक हात लावूं नाका!’ आई माजघरातून ओरडली. तिला काही दिसत नव्हतं. टिंग तेवढं ऐकू आलं होतं.

हात लावायचा नाही तर शोधायचं कसं? मी जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक आणलं, सुतळीला बांधलं, आणि सोलांवरून दृष्ट काढल्यासारखं फिरवू लागलो. दहा मिनिटं. घाम गळून सोलांना वेगळं मीठ लागायची वेळ आली. काका पायरीवर बसून पाव खात बघत होते. शेवटचा घास संपल्यावर म्हणाले, ‘तांबं चुंबकाला चिकटत नाही.’

इंजिनात तेल नाही, म्हणजे गाडी घेऊन वायसर आणायला जाता येत नाही, हा या कामातला मूळ दोष मला आता कळला. काकांच्या स्कूटरवरून फोंड्याला गेलो. रविवार असूनही मेकॅनिक होता. वायसर मागितल्यावर त्याने माझ्या कोपरापर्यंत काळ्या हाताकडे पाहिलं, काही विचारलं नाही, तीन वायसर कागदात बांधून दिले आणि पैसे घेतले नाहीत. एक मागितला होता. उरलेले दोन का दिले, हे मी परत येताना सबंध रस्ताभर समजून घेत होतो.

घराच्या वळणावर आलो आणि आभाळ भरून आलेलं दिसलं. त्या साली मान्सून २४ मेलाच केरळात पोचला. त्याची वर्दी देणाऱ्या सरी आमच्याकडे आधीच सुरू झाल्या होत्या. अंगणात पाय ठेवतो तर पहिले थेंब आणि आईची हाक एकदमच आली. धोतराची दोन टोकं तिने धरली, दोन मी कोपराने धरली, कारण हात अजून काळे होते. सोलं पडवीत. पापडांची सुपं पडवीत. मिरच्या काकांनी आणल्या आणि शिंकत राहिले. सगळं आत आल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला: इंजिनाचं झाकण उघडं! खालचं भोक जमिनीकडे तोंड करून आहे, त्यातून पाणी शिरत नाही. वरचं सरळ आभाळाकडे.

धावत गेलो. भोकावर नारळाची करवंटी पालथी घातलेली होती आणि ती उडू नये म्हणून वर वरवंटा.

आईकडे पाहिलं. ती सोलं मोजल्यासारखं करत होती.

नवं तेल दुसऱ्या दिवशी ओतलं. पट्टी पुसून नुसती टेकवायची, फिरवून घट्ट करायची नाही, मग दोन खुणांच्या मध्ये तेल दिसलं की झालं. फिरवून बसवली तर आकडा खोटा येतो. हवा पुढे २५, मागे २८. चेन ताणली, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवून, नाहीतर चाक तिरकं बसतं. केबलींत तेल सोडायला बसलो तर आई कोकमाचं तेल घेऊन आली. पायाच्या भेगांना चालतं तर याला का नाही, म्हणाली. ते गार झालं की मेणासारखं थिजतं, हे सांगायचं धाडस मला झालं नाही. वाटी घेतली आणि स्वतःच्या टाचांना लावलं.

आणि तो तोप. तो टाकाऊ नव्हता. सोलं रसात बुडवायचा तोच होता, फक्त वर्षातले अकरा महिने न्हाणीघराच्या मागे राहायचा. नवा तोप आणला, त्याची किंमत मेकॅनिकच्या मजुरीपेक्षा जास्त निघाली. जुना आता गाडीचा.

जुलैच्या मध्यावर डोंबिवलीहून मावशीचा फोन आला. दरवर्षी तिला सोलांची पिशवी जाते.

‘अरे, तुमच्या सोलांत काय निघालं सांगू? भोकाचा पैसा!’

मी गप्प.

‘लढाईच्या काळात नव्हते का निघाले, मध्ये भोक असलेले? त्रेचाळीसचे वगैरे. आमच्या सासऱ्यांनी गोफात ओवून ठेवलेले. अगदी तसाच. अक्षरं घासून गेलीत सगळी, पण तांबं कसलं आहे! चिंचेने घासला, लखलखला. तुमच्या त्या जुन्या धोतराच्या कनवटीला असणार बघ.’

‘असेल,’ मी म्हटलं.

‘देव्हाऱ्यात ठेवलाय. हळदकुंकू वाहिलं. तुझ्या आजोबांचाच असणार.’ मग जरा आवाज खाली आणून, ‘आणखी आहेत का रे?’

माझ्या खिशात मेकॅनिकचा कागद होता. एक मेमध्ये वापरला, दुसरा आदल्याच रविवारी.

‘एकच राहिलाय,’ मी म्हटलं.