पाणी सुटलं

आमच्या घरात पाणी सुटणं हा गुन्हा आहे. नळाला नव्हे, कोशिंबिरीला. "मीठ आयत्या वेळी घाल हं, नाहीतर पाणी सुटेल," हे मी मुंजीच्या आधीपासून ऐकत आलोय. त्यामुळे मोबाइलवर एका बाईंनी टोमॅटोच्या फोडींवर सढळ हातानं मीठ भुरभुरवलं आणि त्यांना अर्धा तास खुशाल पाणी सोडत बसवलं, ते बघताना मला गच्चीत चोरून विडी ओढल्यासारखं वाटलं.

रविवारी बायकोच्या मैत्रिणी जेवायला येणार होत्या. मी जाहीर केलं, "सॅलड माझ्याकडे. मॅरिनेटेड टोमॅटो."

"म्हणजे मुरवलेले?" आईनं विचारलं.

"हो. चार तास."

"मग लोणचं म्हण की."

शनिवारी मंडईत गेलो. भाजीवाल्या मावशींचा नेहमीचा प्रश्न आला, "साराला हवेत का कोशिंबिरीला?" मुरवायचेत म्हटल्यावर त्यांनी कडेला सारलेल्या, मऊ पडलेल्या ढिगाकडे बोट केलं. "मग हे न्या. आपसूक मुरलेत." मी अर्थातच नारायणगावकडचे कडक, लांबुळके, तुळतुळीत निवडले. टेम्पोत धक्के खाऊनही ज्याला खोक पडत नाही, त्याच्यात व्हिनेगर कुठून शिरणार, हे डोक्यात आलं नाही. शेजारच्याच पाटीत रसरशीत, आंबट गावठी टोमॅटो होते. पण वाकडेतिकडे. फोटोत बरे दिसले नसते.

पाककृतीत बेसिल होतं. बेसिल म्हणजे तुळशीची चुलत बहीण, एवढं ज्ञान होतं, म्हणून सकाळी कात्री घेऊन गॅलरीत गेलो.

"अरे, रविवारी तुळस तोडतात का?" आई मागे उभीच. "आणि तोडून घालणार कशात, तर लसणात!"

फालुद्यातला सब्जा ज्या झाडाचा, तेच हे बेसिल, असं नंतर कळलं. तोवर कोथिंबीर चिरून झाली होती. ऑलिव्ह ऑइल मात्र घरात निघालं. भाच्याच्या मालिशसाठी आणलेली छोटी बाटली. भाचा आता सहावीत आहे. झाकण उघडून वास घेतला आणि मुकाट्यानं शेंगदाण्याचं तेल काढलं.

मीठ लावणं मात्र देखणं झालं, हे मी स्वतःच सांगतो. टोमॅटो म्हणजे शंभरात पंचाण्णव भाग पाणी. दहा मिनिटांत फोडींच्या कापलेल्या कडांवर घामासारखे बारीक थेंब उभे राहिले. मग एक थेंब शेजारच्याला भेटला, दोघं मिळून ओघळले आणि पातेल्याच्या तळाशी फिकट गुलाबी पाणी साचायला लागलं. त्यात चार-दोन बिया तरंगत होत्या. आयुष्यभर जे होऊ नये म्हणून धाक होता, ते डोळ्यांसमोर होत होतं आणि कोणी ओरडत नव्हतं. त्या पाण्यातच ठेचलेला लसूण, व्हिनेगर, चिमूटभर साखर, मिरपूड आणि तेल घातलं. फ्रिजमध्ये टोमॅटोचा वास मरतो, म्हणून पातेलं ओट्यावरच झाकून ठेवलं आणि श्रीखंडाच्या रांगेत जाऊन उभा राहिलो.

मुरत घातलेलं पातेलं आईच्या ताब्यात सोडून जाणाऱ्या माणसाला कोणीतरी आधी सावध करायला हवं.

परत आलो तर ओट्यावर दाण्याचं कूट, हिंग-मिरचीची फोडणी वगैरे साग्रसंगीत सजलेली कोशिंबीर. कोरडी ठणठणीत.

"केवढं पाणी सुटलं होतं रे! पिळून काढलं. बायकोच्या मैत्रिणींपुढे शोभा झाली असती तुझी."

"आणि ते पाणी?"

"फेकीन होय? सारात घातलं."

पाहुण्या जेवायला बसल्या. कोशिंबीर त्यांनी नेहमीच्या कोशिंबिरीसारखी खाल्ली, म्हणजे लक्ष न देता. साराला मात्र तिघींनीही वाटी पुन्हा पुढे केली. "काकू, काय घातलंय यात? लसूण कळतोय, पण आंबटपणा काहीतरी निराळाच आहे."

आईनं माझ्याकडे न बघता वाटी भरली.

"मुरवावं लागतं ते," ती म्हणाली. "चार तास."