तीन स्रोत की एकच?
‘तीन ठिकाणी तीच माहिती मिळाली की ती पक्की समजा’ हे माहिती कशी पडताळावी यावरच्या लेखातलं वाक्य मला धोक्याचं वाटतं. ती तिन्ही ठिकाणं एकमेकांवरून उतरवलेली असली तर? आढावा लिहिताना मी स्वतः असा फसलोय. एक आकडा पाच लेखांत सापडला, मूळ शोधत गेलो तर पाचही वाटा एकाच अहवालापाशी येऊन थांबल्या.

संशोधकांचंही असं होतं. उलटी थांबवणाऱ्या ऑन्डान्सेट्रॉन या औषधाच्या चाचण्यांमधले तेच रुग्ण वेगवेगळ्या शोधनिबंधांत पुन्हा मोजले गेल्याचं १९९७ मध्ये दाखवलं गेलं. त्यामुळे औषधाचा गुण २३ टक्के जास्त दिसत होता! स्रोत मोजण्याआधी प्रत्येकाचं मूळ तपासायचं, हे लेखात यायलाच हवं होतं.