हेनेज यांचा व्हिक्टोरिया क्रॉस आणि झाशीची राणी

‘झाशीच्या राणीला ठार मारल्याबद्दल कॅप्टन क्लेमेंट हेनेज आणि आणखी तीन इंग्रज अधिकाऱ्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला,’ असा मजकूर समाजमाध्यमांवर वारंवार फिरतो. व्हिक्टोरिया क्रॉस म्हणजे रणांगणावरील शौर्यासाठीचे ब्रिटनचे सर्वोच्च पदक. हे चौघे आठव्या हुझार्स या घोडदळाच्या पलटणीतले होते आणि राणी लक्ष्मीबाई जिथे लढल्या त्या ग्वाल्हेरजवळच्या कोटा-की-सराईच्या लढाईसाठीच त्यांचा गौरव झाला, एवढे खरे. बाकीचे विधान कागदपत्रांपुढे टिकत नाही.

जानेवारी १८५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सन्मानपत्रात कारण स्पष्ट दिले आहे. १७ जून १८५८ रोजी इंग्रजांच्या ब्रिगेडियर स्मिथ यांच्या ठाण्यावर चालून येणाऱ्या बंडवाल्यांच्या फौजेला या स्वारांनी मागे रेटले, तिच्या छावणीतून ते थेट दोन तोफखान्यांपर्यंत घुसले आणि ग्वाल्हेरच्या किल्ल्यातून व शहरातून होणाऱ्या माऱ्यात दोन तोफा काबीज करून घेऊन आले. राणींचा उल्लेख त्यात कुठेही नाही. तो मुद्दाम गाळला म्हणावे, तर या मोहिमेचे इंग्रज सेनापती सर ह्यू रोझ यांनी राणींच्या मृत्यूची बातमी वरिष्ठांना कळवली होती आणि बंडाच्या पुढाऱ्यांत त्यांना सर्वांत शूरही ठरवले होते. मग लपवायचे ते काय?

पदके चारच का, हे तर अधिक बोलके आहे. या पदकाच्या १८५६ च्या मूळ सनदेतील तेराव्या कलमानुसार, अख्ख्या तुकडीने सारखेच शौर्य गाजवले असेल तर मानकरी सहकाऱ्यांनी निवडायचे: अधिकाऱ्यांनी एक अधिकारी, हवालदार-नाईक दर्जाच्यांनी आपल्यातला एक आणि साध्या शिपायांनी दोघे. त्याप्रमाणे कॅप्टन हेनेज, सार्जंट जोसेफ वॉर्ड, नालबंद जॉर्ज हॉलिस आणि शिपाई जॉन पिअर्सन यांची नावे निघाली. ‘चार इंग्रज अधिकारी’ हे वर्णनही त्यामुळे चुकते; अधिकारी एकटे हेनेज, आणि वॉर्ड तर आयर्लंडमधल्या किन्सेलचे. राणींवर वार करणाऱ्याला बक्षीस द्यायचे असते, तर मते घेण्याचे कारणच नव्हते.

शिवाय तो वार कोणाचा, हेही निश्चित नाही. राणी स्वाराच्या वेशात होत्या. घाव तलवारीचा की गोळीचा, यावर वृत्तांतांचे एकमत नाही, आणि मृत्यूची तारीखही कुठे १७, तर कुठे १८ जून अशी येते.

हेनेज यांना हा क्रॉस क्रिमियन युद्धातल्या १८५४ च्या बालाक्लाव्हाच्या लढाईसाठी मिळाला, असेही कोणी लिहितात. तिथल्या लाइट ब्रिगेड या इंग्रज घोडदळाच्या प्रसिद्ध धडकेत ते होते खरे, पण क्रॉस मिळाला तो ग्वाल्हेरसाठीच.