दीड पौंडाचा ट्रिगर आणि तुमची कमेंट

तुमची कमेंट नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की हरणाच्या शिकारीच्या रायफलचा ट्रिगर (म्हणजे चाप ओढायला लागणारा जोर) अडीच पौंडाच्या खाली नेऊ नका हे मी लिहिलं तो निव्वळ घाबरटपणा आहे, तुम्ही स्क्रू फिरवून स्वतःचा दीड पौंडावर आणलाय, 100 यार्डावरचा ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांची भोकं किती पसरतात ते) दीड इंचावरून एक इंचावर आला, आणि बाकी काळजी घ्यायला सेफ्टी आहेच की. ग्रुप सुधारला असणार, त्यावर वाद नाही. वाद आहे तो कशामुळे सुधारला यावर.

आधी एक सांगा, नेमका कुठला स्क्रू फिरवलात? तुम्ही नुसतं "स्क्रू" लिहिलंय आणि माझा जीव तिथेच अडकलाय. बऱ्याच बोल्ट अ‍ॅक्शन ट्रिगरला तीन स्क्रू असतात, एक स्प्रिंगचा ताण म्हणजे वजन बदलतो, एक चाप सुटल्यावर किती मागे जाईल ते ठरवतो, आणि तिसरा सीअर एंगेजमेंटचा. सीअर म्हणजे फायरिंग पिन, काडतुसावर आपटून बार करणारी, ती अडवून धरणारा तुकडा. स्टीलच्या दोन कडा एकमेकींना जेमतेम पकडून असतात, ती पकड किती खोल ते हा तिसरा स्क्रू ठरवतो. तो फिरवला की चापाची ती खरखरत सरकणारी चाल जाते, ट्रिगर काच तुटल्यासारखा कट्कन सुटतो, आणि हाताला वाटतं वजनच कमी झालं. प्रत्यक्षात स्प्रिंग होती तेवढीच असते, कमी झालेली असते ती पकड. मग एखाद्या दिवशी घाईत बोल्ट (काडतूस आत ढकलणारा दांडा) जोरात आपटून बंद केला की चापाला बोट न लावता पिन पडते. त्या स्क्रूवर फॅक्टरीतून सील लावून देतात ते उगाच नाही. फिरवला असेल तर रायफल सरळ गनस्मिथकडे न्या, स्वतः अंदाजाने उलटा फिरवत बसू नका.

आता ग्रुपचं. तुमचा आधीचा ट्रिगर सहा पौंडाचा होता म्हणता, म्हणजे सात-आठ पौंडाच्या रायफलवर जवळपास तिच्याच वजनाएवढा जोर बोटाने लावायचा, मग सँडबॅगवर ठेवलेली रायफलसुद्धा हलणारच. फॅक्टऱ्या कोर्टकचेरीच्या भीतीने ट्रिगर जड ठेवतात हे तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य. पण माझ्या मते सहावरून तीनवर येताना जो फायदा होतो त्यात जवळपास सगळं आलं, तीनवरून दीडवर जाताना बेंचवर, म्हणजे टेबलावर टेकवून मारताना, थोडंफार मिळतं आणि रानात काहीच मिळत नाही. हरणाच्या छातीतला जिव्हारी भाग साधारण 8 इंचांचा असतो हो, तिथे दीड इंचाचा ग्रुप आणि एक इंचाचा ग्रुप यात हरणाला काय फरक पडणार? नेम चुकतो तो उभ्याने, धाप लागलेली असताना, गार बोटांनी मारल्यामुळे. आणि जाड ग्लोव्हमधल्या बधिर बोटाला दीड पौंड जाणवतच नाहीत, बोट चापाला टेकलं हे कळायच्या आत बार झालेला असतो.

सेफ्टीबद्दल. बऱ्याच रायफलींची सेफ्टी फक्त ट्रिगर किंवा सीअर अडवते, फायरिंग पिन नाही. विंचेस्टर मॉडेल 70 च्या धाटणीची सेफ्टी पिनच धरून ठेवते, ती गोष्ट वेगळी. आणि सेफ्टी काढल्यानंतरच्या त्या दोन-चार सेकंदांत, जेव्हा छाती सर्वात जास्त धडधडत असते, तेव्हा ती कामाची नसतेच ना. रेमिंग्टनने 2014 मध्ये एक्स-मार्क प्रो ट्रिगरच्या रायफली परत मागवल्या, कारण काय तर जोडणी करताना आत जास्त गेलेला बाँडिंग एजंट. म्हणजे फॅक्टरीत थोडा चिकट पदार्थ जास्त झाला तरी एवढं रामायण. म्हणून स्क्रूवर थ्रेडलॉकर, म्हणजे स्क्रू ढिला होऊ न देणारा चिकट द्रव, लावत असाल तर एक थेंबसुद्धा आत ओघळू देऊ नका, आणि ट्रिगरमध्ये जाड तेल तर अजिबात नको, थंडीत ते घट्ट होतं.

हलकाच हवा असेल तर सरळ रस्ता आहे. सॅव्हेजने 2002 च्या सुमारास अ‍ॅक्यूट्रिगर आणला, त्यात चापाच्या मधोमध एक पातं असतं, ते दाबलं गेलं नाही तर सीअर अडकून राहतो, त्यामुळे वजन कमी ठेवूनही धक्क्याने बार होत नाही. साध्या ट्रिगरला ही सोय नाही, हे विसरून दोघांना एकच आकडा कसा लावता?

आणि तो दीड पौंड गेजवर, म्हणजे चाप ओढायचा जोर मोजायच्या काट्यावर, मोजलाय की बोटाने? रायफल रिकामी करा, चेंबरमध्ये बोट घालून खात्री करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. गेजचा हुक चापाच्या मध्यावर लावून सरळ मागे ओढा, दहा रीडिंग घ्या, त्यात अर्ध्या पौंडाचा फरक दिसला तर आत घाण आहे किंवा काहीतरी झिजलंय. मग कॉक करून बोल्ट चांगला आपटून बंद करा, पाच-सहा वेळा. सेफ्टी लावून चाप दाबा, सोडा, मग सेफ्टी काढा. दस्ता रबरी मॅटवर काही इंचांवरून आपटा, बाजूने रबरी हातोडीने ठोका. यातल्या कशानेही पिन एकदा जरी पडली तरी ती रायफल शिकारीला न्यायची नाही, मग गेज काहीही दाखवो.

यातून पास झाली तर शिकारीला घालता तेच ग्लोव्ह घालून, डोळे मिटून, रिकाम्या रायफलवर चाप दाबून बघा. बोट टेकलेलं आधी कळलं आणि पिन नंतर पडली तर ठीक. दोन्ही एकदमच झालं तर वजनाच्या स्क्रूने अर्धा पौंड वाढवा आणि परत बघा. ट्रिगर कुठल्या मेकचा आहे तेही लिहा, मॅन्युअलमध्ये किमान वजन दिलेलं असेल तर आधी ते बघू.